एक टर्बो की दोन?



‘दोन टर्बो म्हणजे दुप्पट ताकद’ हा समज आधी बाजूला ठेवू. टर्बोत एकाच दांड्यावर दोन चाकं असतात. इंजिनातून बाहेर पडणारा तापलेला धूर एक चाक फिरवतो आणि दुसरं चाक बाहेरची हवा दाबून सिलिंडरमध्ये कोंबतं. चाक मोठं असेल तर हवा भरपूर मिळते, पण ते वेग घ्यायला वेळ लावतं. व्यास 20 टक्क्यांनी वाढवला, आकार तोच ठेवला, तर चाकाचं जडत्व जवळजवळ अडीचपट होतं! अ‍ॅक्सिलरेटर दाबल्यावर गाडी जी ढिम्म राहते, त्याचं मूळ इथे आहे.

यावर टोयोटानं 1993च्या सुप्रात देखणा तोडगा काढला. सहा सिलिंडर, तीन लिटर, टर्बो दोन. पण ते पाळीपाळीनं कामाला लागणारे. आधी सगळा धूर पहिल्याकडे जातो, 4000 आरपीएमच्या आसपास दुसरा येऊन मिळतो. कागदावर सुंदरच. प्रत्यक्षात मात्र त्यासाठी झडपा आणि व्हॅक्यूमच्या रबरी नळ्यांचं जंजाळ आलं. वयपरत्वे नळ्या कडक होतात, गळतात, आणि दुसरा टर्बो वेळेवर येत नाही. म्हणून कित्येक मालक दोन्ही काढून एकच मोठा टर्बो बसवतात. सात-आठशे अश्वशक्ती हवी असेल तर ते बरोबर. रोज सिग्नलला थांबणाऱ्यानं मात्र त्या वाटेला जाऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

याच कंपनीचं अडीच लिटरचं वन-जेझेड इंजिन मला जास्त बोलकं वाटतं. त्यात दोन सारखे टर्बो होते. 1996 साली त्यांच्या जागी एक आला. जाहीर ताकद तीच, 280. जपानी कंपन्यांनी आपसात ठरवलेली मर्यादाच ती! पण आधी 4800 आरपीएमला 363 न्यूटन-मीटर मिळणारा कमाल टॉर्क आता 2400लाच 378 झाला. श्रेय एकट्या टर्बोचं नव्हे, झडपांची वेळ बदलणारी यंत्रणाही त्याच वेळी आली होती.

बीएमडब्ल्यूनंही आपल्या सहा सिलिंडरांच्या इंजिनातले 2006चे दोन टर्बो 2009मध्ये एकावर आणले. ताकद 306च राहिली. युक्ती अशी, की त्या एका टर्बोत धुराच्या दोन वेगळ्या वाटा होत्या. पुढच्या तीन सिलिंडरांची एक, मागच्या तिघांची दुसरी. त्यामुळे एकाचा झोत दुसऱ्याच्या आड येत नाही आणि चाक लवकर वेग घेतं. नाव मात्र ‘ट्विनपॉवर टर्बो’. जाहिरातवाल्यांना काय म्हणावं!

तेव्हा सरळ रांगेतल्या चार-सहा सिलिंडरांच्या रोजच्या गाडीला मी नीट निवडलेला एकच टर्बो घेईन. व्ही आकाराच्या इंजिनाची गोष्ट वेगळी. त्यात धूर सहसा दोन बाजूंनी बाहेर पडतो; तो एका जागी आणायचा तर नळी लांबते, उष्णता वाटेत जाते. तिथे प्रत्येक बाजूला एक टर्बो देणंच सोयीचं पडतं.