आधी विचारू या
(मंडळाच्या वार्षिक सभेतील भाषण)

समाजसेवेचा विषय निघाला की आपली गाडी थेट गावाकडच्या शाळेला देणगी पाठवण्यावर जाते. चांगलंच आहे ते. पण ज्या गावात आपण घरं घेतली, मुलं वाढवली, त्याचं काय?

इथल्याच एका चर्चची गोष्ट सांगतो. अ‍ॅरिझोनात, फिनिक्सला, जॉन व्हॅन हेंगेल नावाचे गृहस्थ गरिबांच्या सूप किचनमध्ये राबायचे. त्यांना एक बाई भेटली. पदरी दहा मुलं; दुकानामागे टाकून दिलेलं चांगलं अन्न वेचून ती त्यांना पोसायची. तीच म्हणाली, पैशांची असते तशी अन्नाची बँक हवी. हेंगेल सेंट मेरीज चर्चकडे गेले. चर्चने ३,००० डॉलर आणि पडून असलेली एक इमारत दिली. १९६७ साली तिथे अमेरिकेतली पहिली फूड बँक उभी राहिली. आमच्या सॉफ्टवेअरच्या भाषेत, रिक्वायरमेंट खुद्द युजरनेच सांगितली!

आपल्याकडे गणपतीत उरलेला मसालेभात द्यावा अशी सूचना आहे. पण घरी शिजवलेलं अन्न बहुतेक फूड बँका घेत नाहीत. त्यांना डबाबंद बीन्स, पीनट बटर, तांदूळ लागतात. रोख रक्कम तर जास्तच उपयोगी, कारण घाऊक खरेदीत तेवढ्याच पैशांत जास्त अन्न येतं. शिवाय खोकी भरायला माणसं हवीत, आणि ती फक्त थँक्सगिव्हिंगला नव्हे, फेब्रुवारीतही.

तेव्हा कमिटीला विनंती, दिवाळीआधी दोघांनी आपल्या फूड बँकेत जाऊन विचारून यावं. एक मी. दुसरं कोण येतंय?