श्रद्धेची परीक्षा घरातच



आज शाळेच्या संमेलनात ज्यांना बक्षिसे मिळाली त्या सगळ्यांचे मनापासून अभिनंदन. आणि ज्यांनी पडद्यामागे राहून पोशाख चढवले, रंगमंच आवरला, संवाद विसरलेल्याला विंगेतून हळूच शब्द पुरवला, त्यांचेही तितकेच अभिनंदन. संमेलन त्यांच्या बळावर उभे राहते.

मला आज तुमच्याशी संस्कृतचे आणि प्राचीन इतिहासाचे पंडित डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्याविषयी बोलायचे आहे. २४ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले. त्याला आता शंभर वर्षे उलटली. पुण्यातल्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेचे नाव तुम्ही ऐकले असेल. संस्कृत घेतलेल्यांनी घरी आजोबांना जरूर विचारा. त्यांनी बहुधा भांडारकरांच्या ‘मार्गोपदेशिका’ या पुस्तकावरूनच धातू आणि विभक्ती घोकल्या असतील. पण मी आज बोलणार आहे ते भांडारकर नावाच्या एका वडिलांविषयी.

६ जुलै १८३७ रोजी मालवणात त्यांचा जन्म झाला. वडील महसूल खात्यात नोकरीला. त्यांची बदली रत्नागिरीला झाली आणि मुलाला इंग्रजी शाळा मिळाली. पुढे मुंबईत एल्फिन्स्टनमध्ये शिक्षण झाले. १८६२ साली मुंबई विद्यापीठाचे पहिले पदवीधर बाहेर पडले, त्यांत न्यायमूर्ती रानडे होते आणि भांडारकरही होते. प्राध्यापकी, दख्खनचा प्राचीन इतिहास, हस्तलिखितांचा शोध, मुंबई विद्यापीठाचे कुलगुरूपद हे सारे पाठोपाठ आले. ताम्रपट, शिलालेख, नाणी यांचा पुरावा हाती असल्याशिवाय हा माणूस एक विधान करत नसे.

आणि हाच माणूस अंतःकरणाने भाविक होता. १८६७ साली मुंबईत डॉ. आत्माराम पांडुरंग यांनी प्रार्थना समाज स्थापन केला. एकच निराकार ईश्वर, त्याची सर्वांनी मिळून उपासना आणि त्याच्यापुढे सगळी माणसे सारखी, ही त्याची शिकवण. भांडारकरांनी ती आयुष्यभर जपली. पुण्याच्या प्रार्थना समाजात ते उपासना चालवत, तुकोबांच्या अभंगांवर प्रवचने करत. चिकित्सा आणि भक्ती त्यांच्या ठायी एकत्र नांदत होत्या. विज्ञानाच्या वर्गात प्रश्न विचारणाऱ्या मुलांनो, हे लक्षात ठेवा. प्रश्न विचारल्याने श्रद्धा मोडत नाही, ती चोख होते.

ईश्वरापुढे सगळी माणसे सारखी हे मंदिरात म्हणणे सोपे असते. भांडारकरांची परीक्षा घरात झाली. त्यांची एक मुलगी विधवा झाली. त्या काळी विधवेच्या वाट्याला काय येत होते, ते मी लहान मुलांसमोर फार उलगडून सांगत नाही. केस काढलेले डोके, लाल आलवण, घरातला अंधारा कोपरा आणि मंगलकार्यात कायमची बंदी, एवढे सांगितले तरी पुरे. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालीच झाला होता, पण सभेत टाळ्या देणारे हात घरची वेळ आली की मागे होत. भांडारकरांनी १८९१ साली आपल्या मुलीचा पुनर्विवाह लावून दिला. जातभाईंचा रोष पत्करला, आप्तांची नाराजी सोसली. मोठ्या मानाच्या जागी बसलेल्या माणसाला लोकनिंदा जास्तच बोचते. तरी ते डगमगले नाहीत, कारण प्रार्थनेत जे म्हटले तेच त्यांना मुलीच्या बाबतीत करायचे होते.

त्याच वर्षी संमतिवयाचे विधेयक आले. मुलीचे, ती विवाहित असली तरी, संमतिवय दहावरून बारा करण्याचा तो कायदा होता. लोकमान्य टिळकांनी त्याला कडाडून विरोध केला. परक्या सरकारने आमच्या धर्मात हात घालू नये, अशी त्यांची भूमिका होती. भांडारकरांनी धर्मशास्त्राचे ग्रंथच समोर ठेवले आणि जुन्या सूत्रग्रंथांत वयात आलेल्या वधूचा विवाह गृहीत धरला आहे, हे दाखवून दिले. शास्त्राचा आधार त्यांनी लहान मुलींच्या रक्षणासाठी शोधला. विद्येचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

स्वतःच्या मुलीसाठी हवे असलेले त्यांनी सगळ्यांच्या मुलींसाठीही मागितले. १८८४ साली पुण्यात हुजूरपागेची मुलींची शाळा निघाली, तिच्या उभारणीत रानडे, वामनराव मोडक यांच्याबरोबर तेही होते. १९१६ मध्ये महर्षी कर्व्यांनी महिला विद्यापीठ काढले, तेव्हा पहिले कुलपती भांडारकर झाले. आज इथे व्यासपीठावर येऊन ढाल घेऊन गेलेल्या मुलींनो, त्या पिढीचे तुमच्यावर ऋण आहे.

आपल्या मुलग्यांना त्यांनी काय दिले? श्रीधरपंत आणि देवदत्तपंत या दोघांनीही वडिलांच्याच वाटेवर अभ्यास केला. श्रीधरपंतांनी हस्तलिखिते शोधली. देवदत्तपंत नामवंत पुरातत्त्वज्ञ झाले, कलकत्ता विद्यापीठात प्राध्यापक झाले. वडिलांना रोज टेबलाशी बसलेले पाहून जे शिकता येते, ते उपदेशाने येत नाही, हे पालकांनी ध्यानात घ्यावे.

आणखी एक प्रसंग सांगतो. १ एप्रिल १९१९ रोजी भांडारकर संस्थेत महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे काम सुरू झाले. पहिला मंगलश्लोक भांडारकरांनी स्वतःच्या हाताने लिहिला. वय ८१. हे काम आपल्या हयातीत पुरे होणार नाही, हे त्यांना कळत नव्हते का? ते पुरे झाले १९६६ साली, त्यांच्या मृत्यूनंतर ४१ वर्षांनी, एकोणीस खंडांत. आजोबांच्या वयात माणूस मागे वळून पाहतो. हे आजोबा नातवंडांच्या पिढीचे काम सुरू करून देत होते. माझ्या मते श्रद्धा म्हणतात ती हीच.

मुलांनो, तुम्ही सकाळी प्रार्थना म्हणता, प्रतिज्ञा म्हणता. आज घरी गेल्यावर पाहा, आपल्या घरात सगळ्यांत शेवटी कोण जेवते? निर्णय घेताना कोणाला विचारले जात नाही? ताईचे शिक्षण कोणत्या कारणाने थांबवायचे बोलणे चालू आहे? तिथे तुमच्या प्रार्थनेची गरज आहे. आणि पालकहो, मुलीच्या आयुष्यात अवघड प्रसंग आला, तर ‘लोक काय म्हणतील’ हा प्रश्न तिच्या आधी घरात येऊ देऊ नका. १८९१ साली एका बापाने तो दाराबाहेर ठेवला होता. आज आपल्याला ते जास्त सोपे आहे. मग न करण्याला सबब उरत नाही.

तुम्ही खूप शिका, निर्भयपणे प्रश्न विचारा, आणि जे मानाल ते आधी आपल्या माणसांशी वागून दाखवा. तुम्हा सर्वांना माझे आशीर्वाद आणि शुभेच्छा.