श्रद्धेचे स्वातंत्र्य आणि भीतीचा व्यापार



देवाधर्माच्या बाबतीत सरकारने लक्ष घालावे की नाही, हा विषय गावच्या पारावर निघाला की लगेच दोन तट पडतात. एक म्हणतो, "ज्याचा देव त्याच्यापाशी. तिथे कायदा कशाला?" दुसरा म्हणतो, "बुवाबाजी फार माजली. बाबा, बुवा, भगत, सगळे एकदम बंद करून टाका." दोघांचेही म्हणणे अर्धे खरे आहे. उरलेले अर्धे काय, ते आज आपल्या नंदुरबार जिल्ह्यापुरते पाहू.

प्रथम राज्यघटना काय म्हणते ते ऐका. पंचविसाव्या अनुच्छेदाने प्रत्येक माणसाला आपल्या सदसद्विवेकबुद्धीप्रमाणे वागण्याचे आणि आपला धर्म मानण्याचे, आचरण्याचे व त्याचा प्रसार करण्याचे स्वातंत्र्य दिले आहे. पण याच अनुच्छेदाने त्या स्वातंत्र्याला मर्यादाही घातली आहे. सार्वजनिक सुव्यवस्था, नीतिमत्ता आणि आरोग्य यांना धक्का लागता कामा नये, आणि दुसऱ्याच्या मूलभूत हक्कांवर गदा येता कामा नये. 1977 साली सर्वोच्च न्यायालयाने असेही स्पष्ट केले, की आपल्या धर्माची तत्त्वे दुसऱ्याला सांगणे हा प्रसार झाला. दुसऱ्याला आपल्या धर्मात ओढून आणण्याचा हक्क त्यात येत नाही. कारण जे स्वातंत्र्य सांगणाऱ्याला आहे, तेच ऐकणाऱ्यालाही आहे.

आपला जिल्हा 1 जुलै 1998 रोजी धुळे जिल्ह्यातून वेगळा झाला. सहा तालुके, आणि 2011 च्या जनगणनेप्रमाणे शंभरातले सुमारे एकोणसत्तर लोक आदिवासी. भिल्ल, पावरा, मावची, कोकणी अशा अनेक समाजांची ही भूमी. याहा मोगी ही इथल्या हजारो घरांची कुलदेवता. तिच्या दर्शनाला लोक सीमा ओलांडून गुजरातेत देवमोगऱ्याला जातात. काठीची होळी पाहायला सातपुड्याच्या पाड्यापाड्यांतून माणसे उतरतात. या श्रद्धेला कोणताही कायदा हात लावीत नाही, आणि लावूही नये.

शिवाय नवा पंथ निघाला म्हणजे तो वाईटच, असेही नाही. तळोदे तालुक्यातील मोरवडचे गुला महाराज आपल्याकडच्या जुन्या माणसांना ऐकून ठाऊक असतील. 1930 नंतरच्या दशकात त्यांच्या आरतीला हजारो आदिवासी जमत. दारू सोडा, अंघोळ करा, स्वच्छ राहा, हा त्यांचा उपदेश. एकमेकांना मानाने 'आप' म्हणायचे, म्हणून त्या चळवळीलाच 'आप' हे नाव पडले. ज्यांना कोणी अरेतुरेशिवाय हाक मारीत नव्हते, त्यांना या शब्दाने ताठ उभे केले. गर्दी जमते, लोक एका माणसाचे ऐकतात, एवढ्यावरूनच दोष द्यायचा ठरला, तर सुक्याबरोबर ओलेही जळेल.

मग फरक ओळखायचा कसा? कोण कोणाला भजतो, हे पाहू नका. त्या भजण्याच्या नावाखाली दुसऱ्याच्या देहाचे, अब्रूचे, पैशाचे काय होते, ते पाहा.

आता सातपुड्यातले अत्यंत दुःखाचे उदाहरण घेऊ. घरात मूल दगावते, म्हैस आटते, एकापाठोपाठ एक माणसे तापाने पडतात. घरचे भगताकडे जातात. तो दाणे टाकून पाहतो आणि सांगतो, "अमक्या दिशेच्या घरातली बाई खाते आहे." झाले! त्या दिवसापासून ती बाई डाकीण ठरते. बहुधा ती एकटी असते, विधवा असते. कधी तिच्या नावावर तुकडाभर जमीन असते आणि त्या जमिनीवर भाऊबंदांचा डोळा असतो. तिच्याशी बोलणे बंद, पाणी बंद, मग मारहाण. डाकीण ठरवून बायकांचे जीवही घेतले गेले आहेत. यात कोणत्या देवाची पूजा झाली? कोणाचे धर्मस्वातंत्र्य जपले गेले? उलट त्या बाईचे सगळेच स्वातंत्र्य हिरावले गेले.

हे थांबवण्यासाठी महाराष्ट्रात कायदा आहे. त्यासाठी डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि त्यांचे सहकारी अनेक वर्षे झटत होते. 20 ऑगस्ट 2013 रोजी सकाळी पुण्यात डॉक्टरांची गोळ्या घालून हत्या झाली. त्यानंतर अवघ्या काही दिवसांत सरकारने वटहुकूम काढला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात विधिमंडळाने कायदा मंजूर केला. नरबळी, अघोरी प्रथा आणि जादूटोणा यांना प्रतिबंध करणारा हा कायदा. त्याच्या अनुसूचीत बारा प्रकारची कृत्ये दिली आहेत. भूत उतरवण्याच्या नावाखाली माणसाला दोरीने बांधणे, मारणे, मिरचीची धुरी देणे. चमत्कार दाखवून पैसे उकळणे. अंगात दैवी शक्ती आहे असे भासवून "माझे ऐकले नाही तर वाईट होईल" अशी धमकी देणे. अमकी करणी करते, मंत्राने जनावरांचे दूध आटवते असे सांगून तिचे जगणे कठीण करणे. मूल होईल असे आश्वासन देऊन स्त्रीची अब्रू लुटणे. साप किंवा कुत्रा चावलेल्या माणसाला दवाखान्यात जाऊ न देता मंत्रतंत्र करीत बसणे, हे सारे गुन्हे आहेत. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत, आणि दंड पाच हजारांपासून पन्नास हजार रुपयांपर्यंत. गुन्हा दखलपात्र व अजामीनपात्र आहे.

आणि हेही नीट ध्यानात घ्या. पूजाअर्चा, प्रदक्षिणा, यात्रा, भजन, कीर्तन, प्रवचन यांना हा कायदा लागू नाही, असे त्यातच लिहिले आहे. भगताने मोकळेपणी देवाचे गाणे म्हणावे, झाडपाल्याची माहिती सांगावी. बाईचे नाव मात्र घ्यायचे नाही, आणि रोग्याची वाट अडवायची नाही.

वाळीत टाकण्याविरुद्धही 2016 चा वेगळा कायदा आहे. तो 3 जुलै 2017 पासून अमलात आला. एखाद्या कुटुंबावर जातपंचायतीने किंवा समाजाने सामाजिक बहिष्कार टाकला, तर तीन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात.

पण मंडळी, कायदा पुस्तकात असतो आणि पाडा डोंगरात असतो. धडगाव किंवा मोलगीच्या पलीकडे कित्येक वस्त्यांतून आजारी माणसाला झोळीत घालून खाली आणावे लागते. दवाखाना चार तासांवर आणि भगत चार पावलांवर असला, तर माणूस कोणाकडे जाईल? बुडत्याला काडीचा आधार. म्हणून लोकांना अडाणी म्हणून हिणवू नका. रस्ता, डॉक्टर आणि औषध पाड्यापर्यंत पोहोचल्यावाचून भीतीचा हा व्यापार पुरता बसणार नाही.

तोवर आपल्या हाती काय आहे? मी विशेषतः शिक्षक बंधुभगिनींशी बोलतो आहे. पहिली गोष्ट, हा कायदा मुलांना व पालकांना त्यांच्या बोलीत समजावून सांगा. दुसरी, साप चावल्यावर मंत्राने माणूस वाचला असे का वाटते, ते सांगा. पुष्कळ साप बिनविषारी असतात, आणि विषारी सापही दर वेळी विष सोडतोच असे नाही. तिथे मंत्र न म्हणताही माणूस वाचला असता. पण नाग, मण्यार, घोणस किंवा फुरसे यांचे विष खरोखरच अंगात भिनले, तर लस टोचावीच लागते, आणि तिथे घालवलेली प्रत्येक घटका जिवावर बेतते. तिसरी, भगताशी वैर धरू नका. ग्रामसभेत त्याला मानाने बसवा आणि म्हणा, "दादा, तुझी पूजा कर, पण आधी रोग्याला 108 च्या गाडीत घालू या." चौथी, कोणा बाईचे नाव कुजबुजीत येऊ लागले, तर मारहाणीची वाट पाहू नका. त्याच दिवशी पोलीसपाटलाला सांगा, 112 वर कळवा. या कायद्याखाली पोलीस निरीक्षकाच्या दर्जाचा दक्षता अधिकारी नेमलेला असतो, त्याच्यापर्यंत खबर पोहोचवा. आणि त्या संध्याकाळी चार घरच्या चार बायांनी तिच्या ओट्यावर जाऊन बसावे. तिला एकटी पडू न देणे, हे संरक्षण कोणत्याही कागदाआधी पोहोचते.

आपल्या घरातला कोणी एखाद्या महाराजांच्या नादी लागला असेल, तर त्याला चार प्रश्न शांतपणे विचारावेत. तिथे औषध बंद करायला सांगतात का? घरच्यांशी संबंध तोडायला सांगतात का? जे चालते ते लपवून ठेवायला सांगतात का? आणि सोडून जातो म्हटले, तर शापाची भीती घालतात का? सज्ञान माणसाने कोणाला गुरू करावे, हा त्याचा प्रश्न आहे. पण ज्या दारातून आत जाता येते आणि बाहेर येता येत नाही, ते देवाचे दार नव्हे.

श्रद्धा माणूस स्वखुशीने ठेवतो, भीती दुसरा त्याच्यावर लादतो. घटनेने पहिलीला अभय दिले आहे, कायद्याने दुसरीला आळा घातला आहे. याहा मोगीपुढे निर्भयपणे हात जोडणारी म्हातारी आणि शेजारणीच्या बोटाच्या खुणेने थरथर कापणारी म्हातारी एकाच पाड्यात राहतात. पहिलीचा देव कोणी हिरावू नये, आणि दुसरीच्या दारी रात्री कोणी काठ्या घेऊन जाऊ नये, एवढे आपण सगळे मिळून पाहू या.