पेशीच्या अंगावरची खूण

भिवंडीच्या गल्ल्यांतून चालू लागा, मागांचा खडखडाट कानी येतोच. नक्षीचे कापड काढायचे असले की मागाला डॉबी बसवतात. डॉबीच्या पट्ट्यांवर खुंट्या ज्या क्रमाने लावाव्यात, तशी नक्षी कापडावर उतरते. माग तोच, सूत तेच. खुंट्यांचा क्रम बदलला की नक्षी बदलली. एवढे ध्यानात ठेवा, म्हणजे आजची गोष्ट अवघड वाटायची नाही.

आपल्या शरीरातली पेशी हाही एक मागच. प्रथिने हे तिचे कापड, आणि जनुके म्हणजे खुंट्यांचा क्रम. रक्तातल्या पांढऱ्या पेशींत बी-पेशी म्हणून एक जात असते. रोगजंतूंवर मारा करणारी द्रव्ये तयार करणे हे तिचे काम. या पेशीच्या अंगावर सीडी-१९ नावाचे एक प्रथिन असते. जंतूची ओळख पटली, की पेशीला कामाला लावण्यास ते हातभार लावते.

हे प्रथिन अभ्यासाला हवे, तर माणसाच्या रक्तातून किती मिळणार? म्हणून त्याचे जनुक प्रयोगशाळेत वाढवलेल्या पेशींत घालतात. जणू परक्या मागावर आपली नक्षी चढवली! त्या पेशी प्रथिन विणतात. ते गाळून, शुद्ध करून कुपीत भरतात. याच युक्तीने जीवाणूंकडून मानवी इन्सुलिन करून घेतले, आणि १९८२ साली अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. मात्र इन्सुलिन हे औषध आहे. सीडी-१९ची ही कुपी औषध नव्हे. ती केवळ संशोधनासाठी.

मग तिचा उपयोग काय? ऐका. काही रक्तकर्करोगांत बी-पेशीच बिघडतात आणि बेसुमार वाढतात. त्यांच्या अंगावरही सीडी-१९ची खूण असते. भिवंडीहून ठाणे ओलांडून गेले की पवई लागते. तिथल्या आयआयटीत डॉ. राहुल पुरवार आणि सहकाऱ्यांनी, टाटा स्मारक केंद्राच्या डॉक्टरांसह, या खुणेवर उपचार उभा केला. रुग्णाच्याच टी-पेशी, म्हणजे रक्तातले शिपाई, बाहेर काढायच्या. सीडी-१९ ओळखणारा ग्राही त्यांच्या अंगावर उगवेल असे जनुक त्यांत घालायचे. त्या वाढवायच्या आणि पुन्हा रुग्णाला द्यायच्या. पण ग्राही खरोखर उगवला की नाही, हे कसे कळावे? इथे कुपी कामी येते. रंगाची खूण लावलेले सीडी-१९ त्या पेशींवर सोडतात. चिकटले, तर शिपायाला शत्रू ओळखता येतो.

या उपचाराचे नाव नेक्सकार-१९. २०२३ साली त्याला सरकारी मान्यता मिळाली, आणि ४ एप्रिल २०२४ रोजी राष्ट्रपती द्रौपदी मुर्मू यांनी पवईत त्याचे लोकार्पण केले. परदेशातल्या अशा उपचाराच्या मानाने खर्च सुमारे दहावा हिस्सा. तरी तो लाखांतच आहे. शिवाय निरोगी बी-पेशींवरही तीच खूण असल्याने त्याही मारल्या जातात, आणि रुग्णाला जंतूंपासून जपावे लागते. ठरलेल्या औषधांना दाद न देणाऱ्या किंवा उलटलेल्या आजारासाठी हा उपचार आहे. पहिली पायरी नव्हे.

पहिली पायरी तुमच्या-माझ्या हाती आहे. मूल फिकट पडले, ताप हटत नाही, मार न लागता अंगावर काळेनिळे डाग उठतात, हिरड्यांतून रक्त येते. अशा वेळी अंगारे-धुपारे आणि ताकदीची बाटली यांत दिवस घालवू नका. त्याचे रक्त तपासून घ्या. बहुतेक वेळा कारण साधे निघेल, मग चिंता मिटली. आणि रक्ताचा कर्करोग निघालाच, तरी मुलांतला सर्वांत जास्त आढळणारा प्रकार नेहमीच्या औषधांनी बहुधा बरा होतो; मात्र उपचार मध्येच सोडता कामा नये.

गुरुजनहो, वर्गात हे सांगताना डॉबीच्या खुंट्यांपासून सुरुवात करा. ज्यांच्या घरी माग आहे, ती मुले पुढचे आपणच ओळखतील.