पंचनाम्यातील नाव आणि बांधीतील माणूस



आपल्या धानाच्या मुलखात पाऊस दोनदा घात करतो. रोवणीच्या वेळी तो येत नाही आणि कापणीच्या वेळी नको असता येतो. कडपा बांधीत पसरलेल्या असाव्यात, वरून पाणी पडावे, आणि लोंबीतल्या लोंबीत धानाला कोंब फुटावेत, हे फुलचूरच्या माणसाला सांगावयास नको. २०१७ साली तुडतुड्याने धान खाल्ले. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेला महापूर आला. अशा प्रत्येक प्रसंगानंतर तलाठी, ग्रामसेवक आणि कृषी खात्याचा माणूस बांधावर येतात, पंचनामा होतो, आणि गावात 'नुकसानभरपाई'ची चर्चा सुरू होते.

माझी तक्रार या शब्दापासून आहे. सरकारी कागदात त्याला निविष्ठा अनुदान म्हणतात. निविष्ठा म्हणजे बी, खत, औषध. पीक तेहतीस टक्के किंवा त्याहून अधिक बुडाले, तर २०२२ ते २०२६ या काळासाठी ठरलेल्या केंद्राच्या निकषाप्रमाणे कोरडवाहूला हेक्टरी ८,५०० आणि ओलिताला १७,००० रुपये, तेही दोन हेक्टरांपर्यंतच. एकराचा हिशेब केला तर कोरडवाहू बांधीला ३,४०० रुपये पडतात. ऑगस्ट २०२२ मध्ये राज्य शासनाने त्या आधीचा दर दुप्पट करून मर्यादा तीन हेक्टर केली होती. तरीसुद्धा गेलेल्या धानाची ती किंमत होत नाही, आणि व्हावी असा उद्देशही नाही. पुढच्या हंगामात शेतकऱ्याला पेरता यावे, एवढाच हेतू.

हे मान्य केले, तर एक अडचणीचा प्रश्न उभा राहतो. पेरणार कोण?

सातबारावर ज्याचे नाव, त्याच्या बँक खात्यात रक्कम जाते. २०२१ पासून ई-पीक पाहणी मोबाईलवर आली, याद्या संगणकावर चढल्या, अंगठा यंत्रावर लागू लागला. पण नाव तेच राहिले. याचे मूळ जुने आहे. इंग्रजी अमदानीत पिकाची आणेवारी काढीत, ती मुख्यतः शेतसारा सोडावा की तहकूब करावा हे ठरविण्यासाठी. सोळा आण्यांचे पीक पूर्ण मानावयाचे. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणी आली आणि आणेवारीची पैसेवारी झाली. साऱ्याची सूट सारा भरणाऱ्याला मिळावी, हे न्याय्यच होते. परंतु बियाण्याचा पैसाही त्याच वाटेने पाठविण्याची सवय आपण सोडली नाही.

आणि बांधीत कोण असतो? पुष्कळ ठिकाणी ठेकेदार किंवा अधियाने करणारा. बी त्याचे, बैलजोडी अगर ट्रॅक्टरचे भाडे त्याचे, सावकाराचे देणेही त्याचेच. ठेका मात्र तोंडी. १९५८ चा विदर्भाचा कूळकायदा झाल्यापासून मालकाच्या मनात जी धास्ती बसली, ती अजून गेलेली नाही: कागद केला की कूळ लागेल. म्हणून पंचनाम्याच्या वेळी चिखलात उभा राहून बांधी दाखवितो एक, आणि यादीत नाव लागते दुसऱ्याचे. या दुसऱ्याला मी खलनायक ठरवीत नाही. तो पुष्कळदा आपल्यासारखाच गोंदियात नोकरी वा दुकान करणारा, वडिलोपार्जित चार एकर राखून असलेला गृहस्थ असतो. या सभेतही असे कित्येक असतील. काहीजण ती रक्कम ठेकेदाराला देतात, काही अर्धी देतात, काहींना ती द्यावी असे सुचतच नाही. कायदा तिघांनाही काही विचारीत नाही.

आंध्र प्रदेशाने २०१९ मध्ये पीक कसणाऱ्याच्या हक्काचा कायदा केला. त्यात कसणाऱ्याला अकरा महिन्यांचे पत्र मिळते. मालकी हक्काला धक्का न लागता त्यावर त्याला पीककर्ज, विमा आणि आपत्तीची मदत मागता येते. युक्ती मला नामी वाटते, कारण मालकाची धास्ती तिने ओळखली आहे. अडचण एकच राहते. त्या पत्रासाठी मालकाची संमती लागते. तसा कायदा उद्या आपल्याकडे झाला, तर फुलचूरच्या ठेकेदाराला सहीसाठी मुंबईला जावे लागणार नाही. तो याच शहरात, आपल्यापैकी कोणाच्या तरी दारात येईल.