दिंडीतला कर्णा आणि त्याची बॅटरी

(शताब्दी सोहळ्यात दुपारी केलेल्या भाषणावरून)



विणेकरी बुवा, चोपदार, सगळे टाळकरी आणि डोक्यावर तुळस घेऊन चालणाऱ्या आयाबहिणींनो, मी काही कीर्तनकार नव्हे. गाड्यांच्या वायरिंगचं माझं छोटं दुकान. बुवा म्हणाले, तू बॅटरीवाला, तू बॅटरीवर बोल. म्हणून उभा राहिलो.

आजोबांच्या वेळी दिंडीत कर्णा नव्हता. पुढच्याने चाल धरायची, मागच्याने उचलायची, शेवटच्या माणसापर्यंत पोचेल तेवढी पोचेल. आता हातगाडीवर अँप्लिफायर आहे, कर्णा आहे, खाली बारा व्होल्टची बॅटरी आहे. सोय झाली. पण त्या सोयीपायी एक पोर आंधळं होता होता वाचलं, आणि चूक माझी होती. तेच सांगतो.

आषाढात आपल्याकडे भाताची लावणी, म्हणून आपली पायी वारी कार्तिकीची. खोपोलीहून बोरघाट चढून वर मुक्काम होता. घाटमाथ्याची थंडी, म्हणून खोलीची दारं-खिडक्या लावलेल्या. बॅटरी रात्रभर आतच चार्जिंगला. पहाटे निघायची घाई. मी चार्जरचं बटण बंद न करताच बॅटरीवरचा चिमटा ओढला. ठिणगी उडाली आणि बॅटरी फटाक्यासारखी फुटली. शेजारी एक टाळकरी पोर वळकटी बांधत होतं. ॲसिड त्याच्या हातावर, गालावर, डोळ्याच्या कडेला. बायकांनी हंडे भरून आणले, पंधरा-वीस मिनिटं पाणी सोडतच राहिल्या, मग दवाखाना. डोळा वाचला तो त्या पाण्याने. हातावरचे डाग अजून आहेत.

झालं काय? शिशाची बॅटरी चार्ज होताना तिच्यातल्या पाण्याचा हायड्रोजन वायू होऊन बाहेर पडतो. त्याला वास नाही, रंग नाही. बंद खोलीत तो साठतो, आणि पेटायला एक ठिणगी पुरते. उदबत्ती, निरंजन, बिडी, काहीही. म्हणून चार्जिंग उघड्यावर, नाहीतर ओटीवर, वारा खेळतो तिथे. आधी भिंतीवरचं बटण बंद, मग चिमटे काढायचे. लावताना उलट: आधी चिमटे, मग बटण. लाल ते अधिकला, काळा ते उण्याला. अंधारात चाचपत लावायचं नाही.

दुसरी गोष्ट, फ्यूज. अधिकच्या वायरीवर, बॅटरीपासून वीतभरात फ्यूज हवाच. बॅटरीला शॉक नसतो म्हणून लोक तिला गरीब समजतात. पण दोन टोकांवर पाना पडला तर तो लालबुंद होतो, वायर पेटते. फ्यूज उडाला की विडीच्या पाकिटाची चांदी गुंडाळणारे महाभाग आपल्यातही आहेत. बघतोय मी!

आता हिशोब. बॅटरीवर ४० एएच लिहिलं असेल तर ढोबळमानाने दोन अँपिअर वीस तास. पण तेवढी पिळायची नाही, अर्ध्यावर थांबायचं. मीटर साधा असतो. थोडा वेळ विसावलेल्या बॅटरीवर १२.७ व्होल्ट दिसले तर भरलेली, १२.२ म्हणजे अर्धी. तिथे बदला. टेम्पोची बॅटरी काढून कर्ण्याला लावू नका. ती गाडीला एक दणका द्यायला बनवलेली असते. रोज रिकामी केली तर वर्षभरही टिकत नाही, आणि टेम्पो बंद पडतो तो वेगळाच. दोन बॅटऱ्या ठेवा, एक गाडीवर, एक चार्जिंगला. दुपारची विसावणी आणि संध्याकाळी माणसं जागी असेपर्यंत चार्ज करा. नाहीतरी २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री १० ते सकाळी ६ लाऊडस्पीकर बंदच ठेवायचा. काकडा आपला गळ्यावर.

आपल्या किनाऱ्याची खोड वेगळी. खाऱ्या हवेने टर्मिनलवर पांढरा-हिरवा चुना धरतो, मग आवाज खरखरतो आणि लोक अँप्लिफायरला शिव्या घालतात. झाकणं घट्ट लावून गरम पाण्यात खायचा सोडा घालून पुसायचं, सुकवायचं, नट आवळून वर व्हॅसलिन. पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड वॉटरच घाला, विहिरीचं नको. बॅटरी उभी, प्लॅस्टिकच्या क्रेटमध्ये बांधून. क्रेट नवा आणा हो, बंदरावरचा मासळीचा उचलून आणू नका, माळकरी चालत आहेत मागे!

हल्ली तरुण मुलं गळ्यात अडकवायचे छोटे स्पीकर आणतात. त्यात लिथियमची बॅटरी. हलकी, चांगली, पण ती पेटली तर धूर विषारी. तिला शिशाच्या बॅटरीचा चार्जर चालत नाही. फुगलेली दिसली, पावसात भिजली, तर चार्जिंगला लावायची नाही. आणि रात्री गोधडीखाली, म्हाताऱ्या माणसांच्या उशाशी वायर लावून झोपायचं तर मुळीच नाही. मागच्या वारीत मी अशा तीन वायरी काढल्या, मुलं रुसली. रुसू देत.

वीणा जशी एकाच्या गळ्यातून दुसऱ्याच्या गळ्यात जाते, जमिनीवर टेकत नाही, तशी बॅटरीची जबाबदारीही माणसाकडून माणसाकडे सांगून द्यावी असं मी बुवांना सुचवलं होतं. त्यांनी ऐकलं. यंदापासून वही आहे: कुणी लावली, किती वाजता काढली, किती व्होल्ट. पहिलं नाव त्या डाग पडलेल्या हाताच्या पोराचं आहे, त्याने स्वतः मागून घेतलं.

आपल्या दोन्ही बॅटऱ्या मांडवाच्या कोपऱ्यात ठेवल्या आहेत, मीटरही आहे. हरिपाठाला अजून अर्धा तास आहे, ज्यांना स्वतः लावून बघायचं त्यांनी या. विडी विझवून या.

रामकृष्ण हरी.