उन्हाळी फळांचा घरगुती केक

(पॅरिशमधील महिलांच्या उन्हाळी मेळाव्यांत धर्मगुरूंनीं दिलेलें व्याख्यान)



धर्मगुरूनें केकवर व्याख्यान द्यावें हें ऐकून आपणांपैकीं कित्येकींनीं तोंडाला पदर लावला असेल. परंतु थोडा विचार केल्यास माझा अधिकार आपणांस मान्य करावा लागेल. बाप्तिस्मा असो, लग्न असो, सण असो, नाहींतर नुसती आजाऱ्याची भेट असो, धर्मगुरूपुढें जी पहिली बशी येते ती केकची. गेल्या २७ वर्षांत इतक्या घरचे इतके केक चाखण्याचा योग मला आला आहे, कीं तो डॉक्टरला येत नाहीं, वकिलाला येत नाहीं आणि खुद्द बेकरीवाल्यालाही येत नसावा. कोणत्या घरचा केक कां फुलला आणि कोणत्या घरचा कां बसला, याचा विचार करण्यास मला पुष्कळ सवड मिळाली आहे. शिवाय सेमिनरींत असतांना स्वयंपाकघरांतील पाळी आम्हां सर्वांनाच होती. तेथील आचाऱ्यांनीं एका हातानें अंडें फोडण्याची जी विद्या शिकविली ती अद्याप शाबूत आहे; लॅटिन व्याकरणाविषयीं मला तितक्या खात्रीनें बोलवत नाहीं.

प्रथम एक गैरसमज दूर करूं. केक ही साहेबाची वस्तु, तिच्याशीं आपला काय संबंध, असें म्हणणारे वडीलधारे लोक अजून भेटतात. त्यांना मी धोंडसाची आठवण देतों. जून काकडीचा कीस, तांदुळाचा रवा आणि गूळ एकत्र शिजवून तें मिश्रण जाड बुडाच्या पातेल्यांत घालावयाचें, पातेल्याखालीं मंद निखारे ठेवावयाचे आणि झाकणावरही निखारे पसरावयाचे, अशी कोंकणांतली जुनी रीत आहे. खालून आंच, वरून आंच आणि मधें भाजत जाणारें पीठ; भट्टी म्हणजे याहून निराळें तें काय असतें? गोव्यांत रवा, ओला नारळ आणि अंडीं यांची बात अशीच भाजतात. भाजून पदार्थ करण्याची कला आमच्या आज्यांना ठाऊक होती. पाहुणा आला तो फक्त ‘केक’ हा शब्द.

आणि पाहुण्यांविषयीं बोलावयाचें तर फळांकडेही पाहिलें पाहिजे. १५३४ मध्यें वसई पोर्तुगीजांकडे गेली आणि १७३९ मध्यें चिमाजी आप्पांच्या सैन्यानें ती जिंकून घेतली. मधल्या दोन शतकांत येथील माणसांच्या तोंडीं पाव हा शब्द बसला तसेच अननस, पपई आणि काजू हेही शब्द बसले. हीं तिन्ही फळें मूळचीं अमेरिका खंडांतलीं. आज ज्यांना आपण गांवचा मेवा म्हणतों, त्यांतलीं कित्येक अशीं समुद्र ओलांडून आलेलीं आहेत. आंबा मात्र याच भूमीचा. पण त्याचीं कलमें बांधण्याची विद्या पोर्तुगीज अमदानींत गोव्यांत वाढली आणि हापूस हें नांवच ‘अफोन्सु’ या पोर्तुगीज नांवाचें कोंकणी-मराठी रूप आहे.

केरळांतील तलश्शेरी येथें माम्बळ्ळी बापू नांवाच्या गृहस्थांनीं १८८० मध्यें बिस्किटांचा कारखाना काढला. १८८३ च्या नाताळापूर्वीं मर्डोक ब्राऊन नांवाचा एक मळेवाला त्यांच्याकडे आला, विलायतेहून आणलेला केक त्यानें त्यांना चाखविला आणि तसाच केक करून देण्यास सांगितलें. त्यांत फ्रेंच ब्रँडी घालावी अशी त्याची सूचना होती. बापूंनीं ती बाजूस ठेवून गांवच्याच फळांपासून काढलेलें मद्य वापरलें, आणि साहेब खूष झाला, अशी हकिकत सांगतात. या हकिकतींतील ब्रँडीचा भाग मला फार आवडतो. कृति दुसऱ्याची घ्यावी, पण फळ आपल्या दारचें घालावें, हें त्या केरळी कारागिराला कोणी शिकविलें नव्हतें.

आतां आपल्या दारचीं फळें पाहूं. वैशाखांत आपल्याकडे फळांना तोटा नसतो, सवडीला असतो. केकसाठीं हापूस सर्वांत सोयीचा, कारण त्याचा रस घट्ट असतो आणि त्यांत रेषा नसतात. पायरीचा रस पातळ. तो मंद आंचेवर ढवळत थोडा आटवून, थंड करून मग वापरावा. आंबा पुरता पिकलेला हवा. सालीला डाग असला तर तेवढा भाग कापून टाकला कीं काम भागतें, परंतु आंत साका निघाला तर मोह न धरतां तो आंबा बाजूला काढावा. साक्याची फिकी, आंबूस चव साखरेनें झांकत नाहीं. वर्षभर टिकणारा डब्यांतला रस वापरणाऱ्यांनीं एवढेंच ध्यानांत ठेवावें, कीं त्यांत बहुधा साखर आधींच घातलेली असते. तिचा हिशेब न केल्यास केक गोडमिट्ट होतो आणि वरून लवकर करपतो.

फणसाविषयीं मला जरा अधिक बोलावयाचें आहे, कारण त्याच्यावर अन्याय होतो. कापा फणस पाहुण्यांपुढें मानानें जातो आणि बरका बिचारा बुळबुळीत म्हणून मागें राहतो. पण ज्या बरक्याच्या रसाचीं सांदणें होतात आणि पोळी वाळते, तोच केकलाही योग्य. हाताला व सुरीला तेल चोळून गरे काढावे, आठळ्या वेगळ्या कराव्या आणि गरे चाळणीवर घासून रस गाळून घ्यावा. त्याचा वास इतका भरदार असतो, कीं त्याबरोबर वेलचीची गरज नाहीं. आल्याचा किंचित् कीस घातल्यास मात्र तो खुलतो. आठळ्या टाकूं नयेत. त्या उकडून संध्याकाळीं मुलांना द्याव्या.

केळें तर आपल्या वसईचेंच. सालीवर काळे ठिपके पडलेलें, बाजारांत कोणी विचारीत नाहीं असें केळें केकला सर्वांत चांगलें, कारण पिकतां पिकतां त्यांतील पिष्टाची साखर झालेली असते. आगाशीकडचीं सुकेळीं मिळाल्यास त्यांचे बारीक तुकडे मनुक्यांच्या जागीं घालून पाहावे. मनुके परत आणावेसे वाटणार नाहींत. अननस मात्र हट्टी आहे. त्याच्या कच्च्या रसांत प्रथिनें तोडणारें एक द्रव्य असतें, त्यामुळें तो दुधांत घातल्यास दूध कडसर होतें. म्हणून तुकडे आधीं थोड्या साखरेंत शिजवून त्यांचें पाणी आटवावें. शिजविल्यानें तो दोषही जातो. जांभूळ आणि करवंद यांचा पाक केकवर ओतण्यास छान. आंत घालण्याच्या भरीस पडूं नये.

आतां कृति. हीं प्रमाणें घरोघर विचारून आणि तोलून घेतलेलीं आहेत. बारीक रवा दोन वाट्या, आंब्याचा रस दोन वाट्या, साखर सव्वा वाटी, पातळ केलेलें तूप अर्धी वाटी, दूध पाऊण वाटी, चिमूटभर मीठ, थोडी वेलची, बेकिंग पावडर दीड चहाचा चमचा आणि खाण्याचा सोडा पाव चमचा. पावडर व सोडा सोडून बाकी सर्व कालवून अर्धा तास झांकून ठेवावें. ही अर्ध्या तासाची विश्रांति पुष्कळजणी वगळतात, आणि मग केक रवाळ झाला म्हणून रव्याला दोष देतात. रवा रस पिऊन फुगला पाहिजे. मिश्रण फार घट्ट वाटल्यास चमचा-दोन चमचे दूध घालावें. सोडा आणि पावडर अगदीं शेवटीं घालावी, हलकेंच ढवळावें आणि लगेच भांडें भट्टींत सारावें.

लगेच कां, तें सांगतों. आंब्याच्या रसांत आम्लता असते. सोड्याला आम्ल भेटलें कीं वायु सुटूं लागतो, आणि त्याच वायूच्या बुडबुड्यांनीं केक फुलतो. भांडें ओट्यावर ठेवून शेजारणीशीं बोलत बसल्यास तो वायु शेजारणीकडे जातो, केकमध्यें राहत नाहीं. बेकिंग पावडरींत सोड्याबरोबर आम्लही कोरडें मिसळलेलें असतें; १८४३ मध्यें आल्फ्रेड बर्ड नांवाच्या इंग्रज औषधविक्यानें अशी पावडर तयार केली, ती आपल्या पत्नीला खमीर सोसत नसे म्हणून. एका संसारी माणसाच्या काळजीनें जगाची केवढी सोय केली! पण सोडा जास्त झाला तर रंग काळवंडतो आणि साबणासारखी चव येते. पाव चमचा म्हणजे पावच; डोंगर केलेला नव्हे, सपाट.

ज्यांच्याकडे विजेची भट्टी आहे त्यांनीं ती आधीं १८० अंशांवर तापवावी आणि ४० ते ४५ मिनिटें धीर धरावा. पहिल्या अर्ध्या तासांत दार उघडून डोकावूं नये. थंड हवा आंत शिरते आणि अर्धवट उभा राहिलेला केक मधें बसतो. ज्यांच्याकडे भट्टी नाहीं त्यांनीं निराश होऊं नये. जाड कढई किंवा कुकर घ्यावा, तळाशीं वाळूचा अथवा मिठाचा थर द्यावा, त्यावर कडें ठेवून दहा मिनिटें तापवावें, मग केकचें भांडें ठेवून झांकण लावावें आणि आंच मंद करावी. कुकर वापरल्यास त्याचें रबर आणि शिटी दोन्ही काढून ठेवलींच पाहिजेत, आणि आंत पाणी मुळींच घालावयाचें नाहीं. पाऊण तासानें सळई मधोमध टोंचून पाहावी. ती कोरडी निघाली कीं काम झालें. फळांचे तुकडे आंत घालावयाचे असल्यास ते टिपून कोरडे करावे आणि थोड्या पिठांत घोळवावे, म्हणजे ते तळाशीं जाऊन बसत नाहींत. पूर्ण निवण्याआधीं सुरी लावूं नये, हें सांगण्याचा उपयोग होत नाहीं असा माझा अनुभव आहे. मुलें असलेल्या घरीं तर नाहींच. ताज्या फळाचा केक ओलसर असतो, त्यांत उन्हाळा. म्हणून पहिल्या दिवसानंतर तो थंड पेटींत ठेवावा आणि दोन-तीन दिवसांत संपवावा. मधुमेही मंडळींनीं मला ‘फादर, आंब्याची साखर बाधत नाहीं ना?’ असें विचारूं नये. ती बाधते. पातळ फांक घ्यावी.

येथपर्यंत गोडाची गोष्ट झाली. आतां जें सांगण्यासाठीं मीं हा विषय निवडला तें सांगतों. मे महिना हा आपल्याकडे लग्नांचा आणि मुलांच्या पहिल्या कम्युनियनचा. या महिन्यांत आपल्या पॅरिशमधील कांहीं भगिनी घरीं केक करून विकतात. त्यांच्यांतील एक विधवा भगिनी माझ्या चांगल्या परिचयाची आहे. एका केकसाठीं ती पहाटे चारला उठते, कारण दुपारीं पत्र्याखालच्या स्वयंपाकघरांत भट्टी लावणें म्हणजे स्वतःच भाजून निघणें होय. तिनें एकदां आपला हिशेब मला दाखविला. अंडीं होतीं, लोणी होतें, आंबे होते, गॅस होता, खोकें आणि दोराही होता. तिचे स्वतःचे तास त्यांत कोठेंच नव्हते. मीं विचारलें तेव्हां ती म्हणाली, ‘फादर, ते धरले तर कोणी घेणार नाहीं.’

आणि तें खरें आहे. तिच्या दारीं येऊन ‘घरचाच तर आहे, इतके कसे?’ असें म्हणणारे गृहस्थ कांचेच्या दुकानांत जाऊन दुप्पट पैसे मोजतात, तेथें त्यांच्या तोंडून अक्षर निघत नाहीं. घरचा म्हणून गोड आणि घरचा म्हणून स्वस्त, हा कोणता न्याय? ओळखीच्या माणसाची मेहनत फुकट आणि अनोळख्याची मेहनत मोलाची, असें मानणारा समाज आपल्याच लेकीबाळींना उपाशी ठेवतो. दुसरीकडे असेंही घर मीं पाहिलें आहे, कीं मुलीच्या कम्युनियनसाठीं तीन मजली केक उसनवारीनें आणला, तो फोटोपुरता उभा राहिला आणि अर्धा उकिरड्यावर गेला. त्या मुलीनें माझ्यादेखत आजीला विचारलें, ‘तुझा फणसाचा कां नाहीं केलास?’ ज्यांना ऐपत नाहीं त्यांनीं घरीं करावा. त्यांत कमीपणा नाहीं, आणि वडील मंडळींपैकीं पुरुषांनीं पीठ घोटण्यास हात लावल्यास त्यांचा हात झिजत नाहीं. ज्यांना ऐपत आहे आणि सवड नाहीं त्यांनीं शेजारणीकडून घ्यावा व तिनें सांगितलेली किंमत द्यावी.

आणखी एक काम उरतें. आपल्या वृद्ध भगिनींचें प्रमाण हातांत असतें, वहींत नसतें. ‘अंदाजानें’ हा त्यांचा एकच मापदंड. त्या करीत असतां जवळ बसून, त्यांच्या मुठींतलें वाटींत ओतून मापून, त्यांच्या नातींनीं तें लिहून घ्यावें. या सुटींत निदान पांच-दहा घरीं हें झालें तर पाने मजकडे आणून द्यावीं. नीट प्रती काढून तीं पॅरिशच्या वाचनालयांत ठेवण्याची व्यवस्था मी करितों.

ज्युबिलीच्या दिवशीं चहाबरोबर द्यावयाचे केक बाहेरून आणावयाचे नाहींत असें ठरलें आहे. ज्या भगिनींना ते करावयाचे असतील त्यांनीं येत्या रविवारीं आपलीं नांवें द्यावीं, आणि दर स्वतः लिहून आणावे, तासांसकट. त्यावर घासाघीस होणार नाहीं, हें मीं समितीला आधींच सांगून ठेवलें आहे.